सगळ्यात वरचं पिवळं

"हे पिवळं काय फुगत चाललंय?" धवल साहेबांनी विचारलं आणि पेन्सिलीचं मागचं टोक कागदावर टेकवलं. यज्ञेश्वरला आधी वाटलं, हे आपल्याला नाही, शेजारी बसलेल्या अकाउंट्सच्या धारपांना विचारलंय. मग टेबलाभोवतीची सगळी डोकी त्याच्याकडे वळली. धवल साहेब म्हणजे मुंबईच्या हेड ऑफिसातले तरुण डायरेक्टर. महाडच्या कारखान्यात अधूनमधून यायचे, अंगाला कसलातरी महागडा वास, आणि बोलणं कायम गोड. "ते फुगत नाहीये सर," यज्ञेश्वर म्हणाला, "ते तेवढंच आहे. वर्षभर तेवढंच." "तेवढंच कसं? एप्रिलमध्ये बघा, इथं आहे. मार्चमध्ये बघा, पार इथं." पेन्सिल डावीकडून उजवीकडे चढत गेली. "सर, खालचं वाढलंय, म्हणून ते वर..." "अहो, मी खालचं विचारतच नाहीये. मी वरचं विचारतोय," साहेब हसून म्हणाले. चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं, हसणाऱ्याला कसलं देणार? तेवढ्यात चहा आला. चहा आला की त्या खोलीतला विषय मेला, हे कारखान्यात कुणालाही विचारा. साहेबांनी पेन्सिलीने पिवळ्याभोवती एक गोल काढला, बिस्किट उचललं आणि म्हणाले, "पण चार्ट फर्स्ट क्लास झालाय हां. असं काहीतरी समोर पाहिजे. एका नजरेत सगळं कळतं."

एका नजरेत सगळं कळतं! यज्ञेश्वरने चहाचा घोट घेतला तो जीभ पोळून गेला. त्या कागदावर होतं तरी काय? सन दोन हजार दोन, कारखान्यात मोठा कॉम्प्युटर एकच, आणि बाकी सगळ्या खात्यांत त्याला तारांनी जोडलेले पडदे. गेलं वर्षभर ते यंत्र रडतखडत चाललं होतं. बटण दाबावं, फाटकापर्यंत फिरून यावं, तरी पडद्यावर काही नाही. यज्ञेश्वरने नवीन यंत्र मागितलं. हेड ऑफिस म्हणालं, आधी दाखवा, आहे त्या यंत्राचा वेळ जातो कुठं? वाजवी प्रश्न होता. नाही कोण म्हणतो? मग त्याने मोजायला घेतलं. कुठल्या खात्याचं काम यंत्राला किती वेळ राबवतं, याची नोंद यंत्रच ठेवत असतं, फक्त मागायला कुणी जात नाही. तो रोज ती काढायचा, महिन्याची बेरीज करायचा आणि शेवटी त्याने त्याचे खांब केले. महिन्याला एक खांब. खांबाची उंची म्हणजे त्या महिन्यात यंत्र एकूण किती राबलं, आणि खांबाच्या आत एकावर एक चार पट्ट्या. तळाला अकाउंट्स, निळं. त्यावर उत्पादन, तांबडं. त्यावर माल पाठवणी, हिरवी. आणि सगळ्यात वर नोंदणी, पिवळी. नोंदणी हा यज्ञेश्वरचा स्वतःचा विभाग, आणि विभाग म्हणजे अक्षदा, दुसरं कोण? काट्यावरच्या ट्रकांची वजनं, फाटकावरची आवक, लॅबच्या चिठ्ठ्या, हे सगळं दिवसभर टाइप करणारी कापडे गावची एक मुलगी. तिचं काम वर्षभर एकसारखं. पट्टीची जाडी एप्रिलला जेवढी, मार्चला तेवढीच. पण मार्च आला की अकाउंट्सची वर्षअखेर, निळं दुप्पट. उत्पादनाचे हिशेब, तांबडं दीडपट. आणि त्या दोघांच्या डोक्यावर उभी राहिलेली बिचारी पिवळी पट्टी चढत चढत कागदाच्या टोकाला. माणसाचा डोळा आधी टोकाकडे जातो. साहेबांचाही गेला. त्यांचा तरी काय दोष, डोळाच तो.

पण क्रम कुणी लावला? त्यानेच. आणि हे त्याला मीटिंगमध्ये, ओठाला लागलेला चहा पुसताना, असं लख्ख कळलं की त्याचे कान तापले. कॉम्प्युटरवर आकडे भरताना जे पहिलं भराल ते खांबाच्या तळाला जातं, सपाट जमिनीवर बसतं, आणि तेवढंच काय ते नीट वाचता येतं. किती वाढलं, किती घटलं, फूटपट्टी लावल्यासारखं दिसतं. वर जे बसेल त्याचे पाय अधांतरी. यज्ञेश्वरने धारपांचं अकाउंट्स पहिलं भरलं, कारण धारप वयाने मोठे. मग उत्पादन, कारण कारखाना त्यावर चालतो. मग पाठवणी. आणि आपलं स्वतःचं शेवटी. विचार करून नव्हे, हाताने केलं ते. हाताला सवय कुठची, तर पोलादपूरच्या आत्याकडच्या मुंजीतली. तो आठ-नऊ वर्षांचा असेल, मांडवात पंगत बसलेली, जिलब्यांचं ताट त्याच्या नाकासमोरून पुढं जातंय, आणि तो हळूच एका रिकाम्या पाटावर टेकला तर आईने दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवावा. "आपण घरचे ना रे? घरचे शेवटच्या पंगतीला." पंगतींवर पंगती उठल्या. खरकट्या पत्रावळी गेल्या, नव्या आल्या, पुन्हा गेल्या. शेवटी घरचे बसले तेव्हा मठ्ठा पाण्यासारखा झालेला आणि जिलबीचे नुसते तुकडे, पाकात बुडालेले. तरी आई ताठ बसून जेवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मान म्हणतात हे त्याला पुढं कळलं. त्या मानाचा त्याला अभिमानच होता. बसमध्ये तो शेवटी चढायचा, बोनसच्या रांगेत शेवटी उभा राहायचा. आणि तीच रीत त्याने इथंही पाळली, खांबाला पंगत समजून. गाढवपणा! पंगतीत घरचे उपाशी राहिले तर घरचेच राहतात. इथं दुसऱ्याच्याच पोरीला शेवटी बसवलं.

पिवळा रंग मात्र तिचा. आकडे भरून झाल्यावर कॉम्प्युटरने चौथ्या पट्टीला आपणहून एक फिकट, धुतलेला निळा रंग दिला होता, आणि मागं उभी असलेली अक्षदा म्हणाली होती, "सर, आमचं दिसतच नाय. पिवळा द्या ना." तिच्या अंगात नेहमीचा तपकिरी स्वेटर, यंत्राच्या खोलीत गारवा ठेवावा लागतो, ऐन मे महिन्यातही ती स्वेटर घालून बसायची आणि जेवणाच्या सुट्टीत उन्हात जाऊन हात शेकायची. त्याने हसत पिवळा दिला. हळदीसारखा झळझळीत. "आता कसं!" ती म्हणाली. आता कसं, ते साहेबांनी सांगितलंच.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये, बिरवाडीचा फाटा मागे पडल्यावर, त्याला ते वाक्य सापडलं. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर जत्रेत सगळ्यांत उंच दिसतं, म्हणून ते वाढलेलं नसतं, सर. बस्स. एवढंच म्हणायचं होतं. साहेब हसले असते, गोल पुसला असता. वरातीमागून घोडं, दुसरं काय! त्याने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हटलं, एकदा हसून, एकदा गंभीरपणे, एकदा इंग्रजीत, आणि शेजारी बसलेल्या लॅबच्या माणसाने विचारलं, "काय हो, स्तोत्र म्हणताय का?" खिडकीबाहेर सावित्रीचं पाणी मातकट, संथ. पलीकडे डोंगर, आणि डोंगरात आंबेनळी घाटाकडे जाणारा रस्ता. त्या रस्त्याच्या बाजूला कुठंतरी कापडे, आणि तिथं हैबतीचं घर. अक्षदाचा बाप हैबती एकदा यज्ञेश्वरच्या घरी आला होता, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी, उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही. "सायेब, पोर हाय हुशार. कालेजात कांपुटर शिकली. पर गावात लोकं इचारतात, शिकून करणार काय? तुमी कुटं चिकटवा." चिकटवली. नंतर लोकांनी नवा प्रश्न काढला: त्या थंड खोलीत बसून पोरगी करते काय? नांगरलेलं शेत दिसतं, लावलेलं भात दिसतं, हिचं काय दिसतं? अक्षदाने हे हसत सांगितलं होतं. "माझ्या काकाला वाटतं, मी पंख्याखाली झोपते नि पगार घेते." आणि हसता हसता तिने दोन्ही हातांची बोटं मोडली होती, एकेक करून, कडाकडा.

घरी कालिंदी उद्याच्या डब्याचे पुडे पुसून एकावर एक ठेवत होती. तो बघत राहिला. तळाला भाताचा, मग आमटीचा, भाजीचा, वर पोळ्यांचा. "काय बघताय असे?" त्याची बायको म्हणाली, "डबा कधी पाहिला नाहीत का?" त्याने सगळं सांगितलं. कालिंदी शाळेत शिकवायची, तिला सांगितलेलं पटकन कळायचं. ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं? पिवळं तळाला घाला नि पुन्हा द्या. सपाट दिसेल. झालं." इतकं सरळ. त्या रात्री तो नीट झोपला. सकाळी त्याला दाढी करताना गाणंसुद्धा सुचलं, म्हणजे बघा.

खांब नवे झाले. पिवळं तळाला, रुळासारखं सरळ, एप्रिलपासून मार्चपर्यंत एका रेषेत. कुणीही बघावं, म्हणावं, अरे, हे तर हललंच नाही. तो कागद घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेला तर तिथं धारप बसलेले. मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर सरकवला, जुना कागद काढला, नवा शेजारी ठेवला. "म्हणजे आधी जे वर होतं ते आता खाली गेलं," मॅनेजर म्हणाले. "हो सर. आकडे तेच आहेत. फक्त क्रम..." "आकडे तेच, मग चित्र वेगळं कसं?" "सर, तळाला जे असतं ते खरं दिसतं." "आणि वर असतं ते खोटं दिसतं?" आणि मग धारपांनी मान पुढं केली. नव्या कागदात अकाउंट्सचं निळं टोकाला गेलं होतं, मार्चमध्ये चांगलं पहाडासारखं. "वा वा," धारप म्हणाले, "म्हणजे आता आम्ही फुगलो काय? काल साहेबांनी तुमच्या खात्यावर बोट ठेवलं, तर आज तुम्ही आम्हाला वर चढवलंत." "तसं नाही हो धारप. तुमची वर्षअखेर असते, तुमचं काम खरंच वाढतं..." "बघा! बोललेच शेवटी!" करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही शेजाऱ्याच्या दारात. त्याला वाटलं, ओरडून सांगावं: यात कुणीच चुकलेलं नाही हो, नुसता कोण कुणाच्या डोक्यावर उभा आहे एवढाच प्रश्न आहे. पण मॅनेजरसाहेबांनी दोन्ही कागद घड्या करून खणात टाकले आणि वडीलकीने म्हणाले, "यज्ञेश्वर, तुम्ही सरळ माणूस आहात. एकदा दिलेलं फिरवू नका. साहेबांपर्यंत गेलं तर म्हणतील, हा सोयीप्रमाणे चित्र काढतो. काल ते इतकं कौतुक करून गेलेत तुमचं."

केबिनच्या बाहेर पडल्यावर त्याला हात ठेवायला जागा सापडेना. खिशात घातले, काढले, मागे बांधले. असहाय म्हणजे काय हे त्याला आत्तापर्यंत पुराच्या पाण्यामुळे माहीत होतं. लहानपणी महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं की वडील दुकानदारांच्या मदतीला जायचे, आणि तो माडीवरून पाहायचा: पाणी शांतपणे एक पायरी चढायचं, थांबायचं, दुसरी चढायचं. कुणी त्याच्याशी भांडू शकत नसे. पण निदान ते पाणी होतं! ते त्याने स्वतः बसून, रंग निवडून, बाजूला सूची लावून तयार केलेलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. न मोजता, न दाखवता नुसतं 'यंत्र म्हातारं झालंय' म्हणून रडत बसला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. तो यंत्राच्या खोलीत गेला. अक्षदा पाठमोरी, बोटं चालूच. काट्यावरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा डावीकडून उजवीकडे जात होता. तिला काही माहीत नव्हतं. तिला सांगावं का? काय सांगावं? तो तिच्या खुर्चीमागे जरा वेळ उभा राहिला आणि "चालू दे" म्हणून परत फिरला, आणि त्याला स्वतःचा राग आला, जिन्यावरच्या नळाखाली तोंड धुवावं लागलं इतका.

मग हेड ऑफिसचा फॅक्स आला. वाढता भार लक्षात घेऊन नोंदणीचं काम मुंबईला हलवण्यात येत आहे. चिठ्ठ्यांची थैली रोज मुंबईच्या गाडीने पाठवावी. महाडच्या नोंदणी विभागाची आवश्यकता उरत नाही. नवीन यंत्राबद्दल एक शब्द नाही. आणि खाली, वेगळ्या ओळीत, धवल साहेबांच्या सांगण्यावरून, यज्ञेश्वरची हेड ऑफिसात नेमणूक. सगळ्या कारखान्यांचे असेच तक्ते करायला. पगार वाढून. त्याने तो कागद वाचला आणि आत कुठंतरी एक लहानसा, निर्लज्ज आनंद उडी मारून गेला. मुंबई. मुलासाठी, आमोदसाठी चांगली शाळा. त्या उडीची त्याला किळस आली. पण आली होती ती उडी, नाही कसं म्हणायचं? कालिंदीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा आधी उजळला आणि मग लगेच तिने विचारलं, "आणि ती मुलगी?" तो म्हणाला, "ती मुलगी." कुकरची शिट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.

अक्षदाला मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, सभ्यपणे, कारण सांगून, आणि कारण म्हणून तो पहिला कागदही दाखवला; गोल काढलेला. ती परत आली तेव्हा यज्ञेश्वर खिडकीशी उभा होता. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, त्याने पाण्याचा ग्लाससुद्धा भरून ठेवला होता. ती खुर्चीत बसली, स्वेटरची बाही ओढून हात झाकले आणि म्हणाली, "सर, आमचं एवढं वाढलं होतं? मला कळलंच नाय." "वाढलं नव्हतं गं," तो म्हणाला, आणि मग अखेर ते वाक्य त्याने उच्चारलं, बापाच्या खांद्यावरचं पोर, जत्रा, सगळं. नीट, सावकाश, कुठंही न अडखळता. इतक्या दिवसांच्या तालमीनंतर ते अगदी छान झालं. तिने ऐकून घेतलं. मान हलवली. मोठ्या माणसाने समजूत घालावी आणि आपण 'बरं' म्हणावं, तशी. "पण सर, कागदावर दिसतंय ना," ती म्हणाली, "मार्चमध्ये मला पण वाटायचं, मशीन लय वेळ घेतं. मलाच वाटायचं, माझी बोटं हळू चालतात का काय." "तुझं काही चुकलं नाही अक्षदा! तू सगळे महिने सारखं काम केलंस. मी तुला वर बसवलं, ते चुकलं." "वर बसवलं तर चांगलंच ना सर?" ती म्हणाली, आणि हसली. त्या हसण्यात टोमणा असता तर तो पाया पडला असता तिच्या. टोमणा नव्हता. तिचा विश्वास बसला होता. स्वतःच्या बोटांपेक्षा त्या कागदावर जास्त.

"एक काम कराल सर?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "मला तो कागद काढून द्याल? रंगीत. बाबांना दाखवायचा हाय. नायतर काका म्हणेल, झोपत होती म्हणून काढली." "अगं, पण तो कागद..." "माहीत हाय, तुम्ही सांगितलं ते. असू दे. दुसरं कशात दिसणार हाय माझं काम?" पिवळं तळाला असलेला, खरा दिसणारा कागद कॉम्प्युटरमध्ये होता. तो द्यावा का? सपाट, सरळ, न हलणारं पिवळं. गावात कोण म्हणेल, बघा किती राबली? उलट म्हणतील, वर्षभर हललीच नाही. हे मनात येताच त्याला हसू आलं. जी चूक तिला घरी पाठवत होती तीच चूक तिला घरी ताठ मानेने जाऊ देणार होती, आणि त्याने काहीही केलं तरी ती चूकच होती. त्याने पडद्यावर पहिला कागद उघडला. मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेरच्या रंगीत प्रिंटरपर्यंत दोघं चालत गेले. कागद सरकत सरकत बाहेर आला, ओलसर. तिने दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली.

"यावर माझं नाव घाला ना सर. पिवळ्यात. म्हणजे त्यांना कळेल कुठलं माझं ते." त्याने खिशातलं बारीक निबाचं पेन काढलं, कागद भिंतीवर धरला, मार्चच्या खांबावर, साहेबांच्या प्रतीवर जिथं पेन्सिल गोल काढून गेली होती तिथं, नीब टेकवलं. अ काढला तर त्याचा पाय खाली हिरव्यात गेला. त्याने हात आवरला. शेजारच्या खांबावर, आणखी लहान अक्षरात, श्वास धरून पुन्हा सुरुवात केली. नाही. एप्रिलमध्ये पाहिलं, जानेवारीत पाहिलं. साहेबांना फुगलेली दिसलेली ती पट्टी कुठल्याच महिन्यात तिचं नाव मावेल एवढी जाड नव्हती.

"वर लिहा सर," अक्षदा म्हणाली, "वर सगळी जागा रिकामीच हाय."